मिरचीची गाडी कोण उतरवतं?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल आहे. वय 47. कामावर 24 वर्षं झाली. आमची 14 जणांची टोळी, त्यातले तिघं मुसलमान. त्या तिघांतला एक माझा जोडीदार. पोत्याचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या, अशी वीस वर्षं गेली. चार वर्षांमागं हळदीची थप्पी माझ्या पायावर आली तेव्हा मला उचलून दवाखान्यात नेणारा तोच. तीन महिने घरी होतो, पण टोळीनं माझा वाटा बंद केला नाही.

आमच्यात हिंदू-मुसलमान असलं कधी काही नव्हतं. गोल बसून जेवतो, एकमेकाचं कोरड्यास खातो. मिरचीची गाडी आली तर तेवढी ते तिघं उतरवतात, त्यांना सवय आहे. बाकी सगळं काम वाटून.

गेल्या गणपतीत मोबाईलवर मेसेज फिरला, की ह्यांच्याकडून काही घेऊ नका, ह्यांना काम देऊ नका. माझा थोरला 21 वर्षांचा आहे. मोटरसायकलवर पार्सल पोहोचवतो, संध्याकाळी मंडळात असतो. त्यानं तो मेसेज स्टेटसला ठेवला. जोडीदाराच्या पोरानं तो बघितला. दुसऱ्या दिवशी जोडीदार कामावर आला, पण डबा घेऊन थप्पीच्या मागं जाऊन एकटा जेवला. काही बोलला नाही. मीपण बोललो नाही. दोन महिने असंच चाललंय. टोळीतले दोघं म्हणतात, तिघांना दुसऱ्या टोळीत घालवा, कटकट नको. त्यात एका व्यापाऱ्यानं ठेक्यानं उत्तरेकडची पोरं आणलीत. कमी पैशात काम करतात. त्यातली निम्मी मुसलमान. आता टोळीत बोलणं असं, की बघा, ह्यांचीच माणसं आपल्या पोटावर आली.

युनियनच्या सभेत साहेब म्हणाले, कामगाराला जात नसते, धर्म नसतो, त्याचा धर्म एकच, भूक. टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या. घरी येताना डोक्यात आलं, हे खरं असतं तर माझा जोडीदार थप्पीमागं का जेवतोय? ताई, गरिबांची एकी ह्या धर्माच्या भांडणाला पुरी पडते का, का ते नुसतं भाषणात? आणि मी करू काय?

एक हमाल, सांगली


दादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळी पोराच्या स्टेटसवर आणि साहेबांच्या भाषणावरच डोळे गेले. तिसऱ्या वेळी मधल्याच एका वाक्यापाशी थांबले. मिरचीच्या. तुम्ही ते असं जाता जाता लिहिलंय, की लिहिताना तुमचा हात थांबलाही नसेल.

माझे वडील ह्याच बाजारात एका अडत दुकानात दिवाणजी होते. म्हणजे मी गादीच्या बाजूला वाढलेली, हे आधीच सांगून टाकते. सुट्टीत त्यांचा डबा पोहोचवायला जायची. मिरचीची गाडी लागली की वडील खिडकी लावून घेत, आणि तरी घरी आल्यावर त्यांचा सदरा आई आत आणू देत नसे, बाहेर दोरीवरच राहायचा. हे आत बसून पट्ट्या लिहिणाऱ्या माणसाचं. ज्याच्या उघड्या मानेवर ते पोतं यायचं, त्याच्या मानेवर घाम आला की काय होत असेल, ते तुम्ही मला सांगायचं. मिरचीची सवय कुणाला होते, दादा? तुम्हाला 24 वर्षांत का नाही झाली?

तुम्ही म्हणाल, आम्ही असं काही ठरवलं नव्हतं, आपोआप पडत गेलं. मला ते पटतं. असल्या गोष्टी कोणी ठरवत नाही. पण साहेबांचं 'कामगाराला धर्म नसतो' आणि तुमचं 'त्यांना सवय आहे' ही दोन वाक्यं एकाच यार्डात, एकाच टोळीत नांदतात, आणि कुणालाच ती एकमेकांना टोचत नाहीत. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथंच सापडलं.

आता थोडं मागं जाऊ. 1928 साली मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद. दीड लाखाच्या आसपास माणूस बाहेर, त्यात आपल्या साताऱ्याकडचे आणि कोकणातले घाटावर-घाटाखाली सगळे. त्या काळी सांगली जिल्हा वेगळा नव्हता, आपला बराचसा मुलूख साताऱ्यातच मोडायचा. सगळे एकाच संपात. पण गिरणीत साचा खातं होतं, म्हणजे विणकामाचं, आणि तिथं पगार जास्त. त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातून सूत ओढताना ते तोंडानं ओढावं लागायचं, आणि त्याच्या तोंडाचा धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा? हा नियम मालकानं कुठं लिहून लावलेला नव्हता. शेजारच्या साच्यावर उभा असलेला, एकाच संपात उपाशी राहणारा कामगारच तो पाळत होता. डॉ. आंबेडकरांनी नेमका हा प्रश्न संपाच्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांपुढं ठेवला. सगळ्यांनी एकत्र लढायचं म्हणता, मग त्या खात्याचं दार माझ्या माणसांना बंद का? पुढाऱ्यांना ते रुचलं नाही. आत्ता नको, आधी संप जिंकू, असली उत्तरं तेव्हापासूनची आहेत. पण ती गोष्ट मागण्यांत घ्यावी लागली.

आणि हे विचारल्यानं एकी मोडली का? दहा वर्षांनी, 7 नोव्हेंबर 1938 ला, कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि तेच कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून होते. म्हणून 'कटकट नको' म्हणणाऱ्या तुमच्या त्या दोघांना माझा निरोप सांगा, की कटकट आधीपासूनच आहे. फक्त ती तिघांच्या मानेवर आहे, म्हणून बाकी अकरा जणांना जाणवत नाही.

दुसरी गोष्ट त्या ठेक्याच्या पोरांची. ती वाचताना मला खरी धास्ती वाटली, कारण हे असंच एकदा झालेलं आहे. 1928 चा तो एवढा मोठा संप मिटून चार महिने होतात न होतात, तोच 1929 च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल झाली. शंभरावर माणसं मेली. सुरुवात कशी झाली बघा. तेल कंपन्यांत संप चालू होता आणि तो मोडायला कंपन्यांनी पठाण कामाला लावले होते. त्यात चाळीचाळीत व्याजानं पैसे देऊन दारात काठी आपटणारा सावकार बहुतेक वेळा पठाण. म्हणजे राग खरा होता आणि तो पोटाचाच होता. मग अफवा उठली, की पठाण लहान पोरं पळवतात. गिरणीतले लोक पठाणांवर धावून गेले, आणि बघता बघता भांडण पठाण आणि संपकरी यांचं राहिलंच नाही, हिंदू आणि मुसलमान असं झालं. कालपर्यंत ज्यांनी एकत्र पिकेटिंग केलं होतं, ती माणसं गल्लीच्या दोन टोकांना उभी राहिली.

आपले पुढारी समजतात, की पोटाचा प्रश्न आला की धर्म मागं पडतो. कधी कधी पडतोही. पण पोटावर येणारा माणूस दुसऱ्या धर्माचा निघाला, तर पोटाचाच राग धर्माच्या चरीतून वाहायला लागतो, आणि ती चर आधीच खणून ठेवलेली असते. 'ह्यांचीच माणसं आपल्या पोटावर आली' हे तुमच्या टोळीतलं वाक्य मला त्या फेब्रुवारीतलं वाटतं. त्या पोरांना इथं आणलं कुणी? दर कुणी पाडला? तुमच्या जोडीदाराचा आणि त्यांचा काय संबंध? तोही तुमच्याइतकाच त्यांच्यामुळं रिकामा बसणार आहे, उलट वर शिव्याही खाणार आहे.

1969 चा माथाडी कायदा ह्यासाठीच तर झाला. आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याचे अण्णासाहेब पाटील मुंबईत त्यासाठी झिजले, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. कामगाराची नोंद, मालकाची नोंद, मजुरी माथाडी बोर्डामार्फत, वर मालकानं भरायची लेव्ही. म्हणजे आजारपण, फंड, बोनस याची काही तरी सोय. ती ठेक्याची पोरं ह्या सगळ्याच्या बाहेर आहेत, म्हणून तर ती स्वस्त पडतात. तेव्हा युनियनकडं लेखी अर्ज द्या, की ह्यांची नोंद करा नाही तर ह्यांना आमच्याच दरानं पैसे देणं व्यापाऱ्याला भाग पाडा. अर्जावर चौदाच्या चौदा सह्या घ्या. जोडीदाराची सही पहिली किंवा शेवटची घेऊ नका, मधे कुठं तरी असू द्या. पहिली असली की लोक म्हणतात, बघा, त्यांच्यातला माणूससुद्धा म्हणतोय. शेवटची असली की म्हणतात, त्याला करायला लावली.

आता तुमचा मोठा प्रश्न. गरिबांची एकी धर्माच्या भांडणाला पुरी पडते का?

मला वाटतं, एकटी नाही पडत. मी हे पुस्तकातून सांगत नाही, माझ्यावरून सांगते.

मी शिक्षिका होते. माझ्याबरोबर एक मुसलमान शिक्षिका होत्या, मिरजेच्या. पगार अडकला होता तेव्हा आम्ही दोघींनी सतरंजीवर बसून अकरा दिवस धरणं धरलं. एका कागदात भेळ खाल्ली, घोषणा देऊन दोघींचा घसा बसला. माझी मैत्रीण म्हणून मी त्यांची ओळख करून द्यायची. 2009 च्या सप्टेंबरात गणपतीच्या दिवसांत मिरजेत कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून दंगल पेटली, संचारबंदी लागली, लोण सांगली-इचलकरंजीपर्यंत आलं. मी सांगलीत, विश्रामबागेतल्या घरात बसून टीव्ही बघत होते. त्यांना फोन करायचा विचार रोज यायचा. आणि रोज वाटायचं, काय बोलायचं? 'तुम्ही ठीक आहात ना' विचारलं तर त्यात 'तुम्ही' म्हणजे कोण, असं त्यांना वाटेल का? तुमच्या भागात काय चाललंय विचारलं तर चौकशी केल्यासारखं होईल का? असं करत पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी त्यांचाच फोन आला. मुलांच्या परीक्षेच्या तारखांबद्दल बोलल्या आणि ठेवला. दुसरं काहीच बोलल्या नाहीत. शाळा सुरू झाल्यावर त्या मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन बसायला लागल्या. तुमचा जोडीदार थप्पीमागं जातो ना, तसंच.

मला बरेच महिने कळत नव्हतं, की सतरंजीवरची आमची ती एकी खोटी होती का. नव्हती. ती खरी होती, पण ती सतरंजीएवढीच होती. सतरंजी उचलली, की त्या मिरजेला आणि मी सांगलीला. पंधरा वर्षांत मी त्यांच्या घरी एकदाही गेले नव्हते. त्यांचं घर कोणत्या गल्लीत आहे, तेही मला माहीत नव्हतं. धरण्याला बसताना धर्म आम्ही घरी ठेवून येत होतो, आणि दंगल घरी झाली.

1946 च्या कलकत्त्याचं असंच झालं. 29 जुलैला टपाल कामगारांच्या पाठिंब्याला अख्खं शहर बंद होतं, हिंदू-मुसलमान एकत्र रस्त्यावर. अठरा दिवसांनी, 16 ऑगस्टला, त्याच रस्त्यांवर जी कत्तल सुरू झाली ती देशानं पुन्हा पुन्हा आठवली. पण ट्राम कामगारांची युनियन त्या दिवसांतही फुटली नाही. आणि त्याच वर्षाच्या शेवटी बंगालमध्ये हिंदू आणि मुसलमान वाटेकरी कुळं पिकाचा दोनतृतीयांश वाटा मागत तेभागाच्या लढ्यात एकत्र उतरली. म्हणजे 'एकी होतच नाही' म्हणणाराही खोटा पडतो. होते. मोडते. पुन्हा होते. एकदा झाली म्हणून ती कायमची झाली, असं मात्र समजू नका. टाळ्या वाजवताना आपण सगळे तेच समजत असतो.

पुराचंही तेच. 2019 ला कृष्णा आयर्विन पुलावर 57 फुटांच्या घरात गेली, तेव्हा कुणी कुणाला नावेत घेताना आडनाव विचारलं नाही. त्याचे किती लेख आले, किती फोटो. पाणी उतरलं, गाळ निघाला, आणि ती एकी गाळाबरोबरच कुठं तरी गेली. मला त्या फोटोंचा राग नाही, पण पूर काही रोज येत नाही.

मग टिकतं काय? आपल्या जिल्ह्यात कडेगावला मोहरमचे उंच ताबूत निघतात, तुम्ही बघितले असतील. त्यातले बरेचसे हिंदूंच्या मानाचे आहेत. वाळवा तालुक्यात गोटखिंडीला तर गणपती मशिदीत बसतो, चाळीसेक वर्षं होऊन गेली. तिथं धर्म घरी ठेवून या, असं कुणी म्हणत नाही. प्रत्येकाचा मान ठरलेला आहे. खांदा कुणाचा, आधी कोण, दोरी कुणी धरायची, हे ठरलेलं असतं, आणि त्या मानासाठी माणूस भांडतोसुद्धा. ती सगळी व्यवस्था जुन्या गावगाड्याची आहे आणि गावगाड्यात काय काय वाईट होतं ते मला माहीत आहे. तरीही एक गोष्ट घेण्यासारखी वाटते. तुमच्या टोळीत गणपतीची वर्गणी सगळ्यांच्या वाट्यातून जाते ना? बहुतेक टोळ्यांत जाते. मग त्या तिघांच्या उरुसाला टोळी काय देते? काही नसेल तर देत जा. दहा रुपये का असेना, पण हक्कानं, वहीत लिहून.

आणि दुसरं भिवंडी. यंत्रमागाचं गाव, हिंदू-मुसलमान दोन्ही हातांनी चाललेलं. मालक आणि मजूर, कोण कुठला हे बघितलं तर तिथं दंगल होऊच नये, असं पुस्तक सांगेल. 1970 ला झाली, 1984 ला परत झाली. नंतर सुरेश खोपडे नावाचे पोलीस अधिकारी तिथं आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या बसवल्या. त्यात त्यांनी पुढारी घेतले नाहीत. पानवाला, मागवाला, दुकानदार, रिक्षावाला अशी माणसं घेतली, दोन्हीकडची, आणि काही झालेलं नसतानाही ती नियमित भेटत राहिली. गटार तुंबलं, कुणाचं भांडण झालं, असल्या बारक्या गोष्टींवर. 1992-93 ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. अफवा आली, तेव्हा ती खरी आहे का हे विचारायला पलीकडच्या गल्लीत एक माणूस होता, आणि त्याच्याशी काल-परवाच गटाराबद्दल बोलणं झालेलं होतं.

माझ्याजवळ नेमका तोच माणूस नव्हता. तुमच्याजवळ तो वीस वर्षं पोत्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.

आता पोराबद्दल. तुम्ही त्याला मारलं का, हे लिहिलं नाहीत. मारलं नसेल तर आता मारू नका, आणि कामगारांच्या एकीवर भाषणही देऊ नका. त्याला ती एकी म्हणजे काय हे माहीतच नाही, आणि त्यात त्याचा दोष कमी आहे. तुमचा पाय दबला तेव्हा तीन महिने तुमचा वाटा आला. तो उद्या मोटरसायकलवरून पडला तर त्याला कुणाचा वाटा येणार आहे? मोबाईलवर त्याचं काम बंद होईल आणि दुसऱ्या पोराचं चालू होईल. टोळी नाही, मुकादम नाही, बोर्ड नाही, युनियन नाही. संध्याकाळी 'अरे, कुठं होतास' विचारणारं एकच ठिकाण आहे, ते मंडळ. मंडळ त्याला टी-शर्ट देतं, ढोल देतं, आणि कधी कधी असला मेसेज देतं. आपण त्याला दुसरं काय दिलं?

हे एका पोरापुरतं नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत त्या संपात परत आलेला एखादा काका नाही असं गाव सापडायचं नाही. तो संप कधी मागं घेतलाच गेला नाही, नुसता विरून गेला, आणि गिरण्यांबरोबर गेट मीटिंगा गेल्या, पतपेढ्या गेल्या, संध्याकाळचं युनियनचं ऑफिस गेलं. दहा वर्षांनी मुंबई पेटली. ह्या दोन गोष्टींची सरळ गाठ मी मारत नाही, कारणं बरीच होती. पण जिथं पूर्वी पोरांना युनियनचा बाकडा होता, तिथं दुसऱ्यांनी सतरंजी टाकली, एवढं तर दिसतंच.

पोराला एक काम सांगा. तुमच्या टोळीत फंडाचे, बँकेचे, आधार जोडायचे कागद कुणाचे ना कुणाचे अडलेले असणारच. चौदा जणांचे कागद त्यानं मोबाईलवरून नीट करून द्यायचे, रविवारी यार्डात बसून. त्यात त्या तिघांचेही येतील. जोडीदारानं तुम्हाला उचलून नेल्याची गोष्ट त्याला सांगा, पण 'बघ, हा मुसलमान असून किती चांगला' ह्या अंगानं नको. हा 'असून' फार वाईट शब्द आहे. चांगुलपणाची पावती दाखवल्यावरच माणसाला टोळीत जागा मिळणार असेल, तर टोळीतला जो फुकट खाणारा, दारू पिऊन खाडा करणारा असेल, त्याला आधी काढा. त्याला काढत नाही ना? कारण तो टोळीतला आहे. मग हाही टोळीतला आहे, एवढं पोराला कळलं तरी मला चालेल. स्टेटसबद्दल माफी मागायला त्याला जबरदस्तीनं घेऊन जाऊ नका. तुम्ही जा.

हो, तुम्ही. यार्डात नाही, घरी. पोराच्या आईला बरोबर घेऊन जा. जाताना फार काही तयारी करू नका, 'आम्ही तुमच्या पाठीशी आहोत' वगैरे सभेतलं तर अजिबात बोलू नका. पोरानं केलं ते वाईट केलं आणि मी दोन महिने गप्प बसलो ते त्याहून वाईट केलं, ही दोन वाक्यं बोलला तरी पुरे. जोडीदार म्हणेल, जाऊ दे, मी मनावर घेतलं नाही. त्यानं घेतलंय. चहा आला तर प्या. बायका आत बोलतील त्यात लक्ष घालू नका, उलट त्यांना एकमेकींचे नंबर घेऊ द्यात. पुढं कधी गावात काही पेटलं, तर पहिला फोन बायकांचाच जाईल. पुरुष सहाव्या दिवशी करतात. मी बाई असून सहाव्या दिवसापर्यंतही केला नाही, ते सोडा.

तो दुसऱ्या दिवशी लगेच गोलात येऊन जेवेल, अशी आशा धरू नका. माझ्या त्या शिक्षिका परत कधीच मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसल्या नाहीत. बोलायच्या, हसायच्या, निवृत्तीच्या वेळी मला साडीही दिली. पण ग्रंथालयात बसायची सवय राहिली ती राहिलीच. तुम्हाला दोनच महिने झालेत, मी फार उशीर केला होता.

त्या दोघांनी तिघांना दुसऱ्या टोळीत पाठवायचा विषय पुन्हा काढला, तर मुकादमाला वही काढायला सांगा आणि मागच्या वर्षभरात मिरचीच्या गाड्या किती आल्या ते मोजा. मग विचारा, की तिघं गेल्यावर ह्या कुणी उतरवायच्या. मला वाटतं, विषय तिथंच थांबेल, पण ते थांबणं मला पुरेसं वाटत नाही. गरज म्हणून ठेवलेला माणूस गरज संपली की जातो. म्हणून पाळी लावा. मिरचीची गाडी आली की दोघं दोघं, वहीतल्या क्रमानं. पहिल्या गाडीला तुम्ही आणि 'कटकट नको' म्हणणाऱ्या त्या दोघांपैकी एक. कुरकुर होईल, अंग जळेल, शिव्या मलाही पडतील.

येत्या आठवड्यात गाडी लागली तर ओला पंचा नाकाला आणि मानेला दोन्हीकडं बांधा, आणि घरी गेल्यावर आधी गार पाण्यानं नव्हे, तेल लावून मग आंघोळ करा. वडील असं हमालांना सांगायचे. खरं-खोटं त्या तिघांना विचारा, त्यांना जास्त माहीत असेल.

आणि पुढचं पत्र लिहाल तेव्हा जोडीदाराचं घर कुठं आहे ते लिहा. ह्या पत्रात ते कुठंच नाही.

तुमची,
ताई